इंग्लंडात कौन्सिलचं घर रिकामं झालं की पुढे काय होतं, आणि आपल्या माणसांनी कधी काय करायचं

परवा गोव्यात साखळीच्या बाजारात ओळखीची एक काकी भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून तिने मला फोनवर फोटो दाखवला, मुलाने इंग्लंडहून पाठवलेला. विटांचं घर आणि त्याच्या दारं-खिडक्यांना लोखंडी पत्रे मारलेले. म्हणाली, हे कौन्सिलचं घर दोन महिने असंच बंद आहे रे, आणि माझा मुलगा, सून, दोन पोरं एका खोलीत राहतात, मग देत का नाहीत? मी तिकडे सात वर्षं पेंटिंगचं काम केलं, त्यातली पाचेक वर्षं अशाच रिकाम्या घरांत गेली, त्यामुळे त्या पत्र्यांच्या आत काय चालतं ते मला माहीत आहे. बाजारात उभ्या उभ्या सांगून ते पुरलं नाही म्हणून सगळं लिहून काढतोय. स्विंडन, साउथॉल, वेम्बली, लेस्टर, कुठेही आपली गोव्याची माणसं असोत, त्यांना पाठवा.

आधी एक समजून घ्या. आपल्याकडे हाउसिंग बोर्ड म्हटलं की पर्वरीची कॉलनी डोळ्यासमोर येते, पैसे भरले की घर आपलं. तिकडे कौन्सिल म्हणजे साधारण आपल्या नगरपालिकेसारखी संस्था आणि ती स्वतःची घरं बाजारापेक्षा कमी भाड्याने देते, घर कौन्सिलचंच राहतं. भाडेकरूला ते विकत घ्यायचा हक्क १९८० च्या कायद्याने दिला आणि त्यात लाखो घरं गेली, म्हणून आज जी उरलीत त्यांच्यासाठी एवढी रांग. मार्च २०२४ मध्ये एकट्या इंग्लंडात सुमारे १३ लाख कुटुंबं वेटिंग लिस्टवर होती. तेव्हा बंद दिसणारं घर कुणी विसरलेलं नसतं, त्याच्यामागे नावं लागलेली असतात.

यादीत नाव लागतं का ते पहिलं बघा

गोवा पूर्वी पोर्तुगीजांकडे होता त्या नात्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्या आपल्या माणसांचं असं आहे की जे ३१ डिसेंबर २०२० च्या आधी तिथे राहायला लागले होते आणि ज्यांना पुढे ईयू सेटलमेंट स्कीममध्ये, म्हणजे ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांसाठी काढलेल्या योजनेत, सेटल्ड स्टेटस (कायम राहायचा हक्क) मिळालं, ते अर्ज करू शकतात. प्री-सेटल्ड, म्हणजे तात्पुरता हक्क, असेल तर नुसत्या त्या कागदावर भागत नाही, नोकरी वगैरे करून राहायचा हक्क आहे हे दाखवावं लागतं, म्हणून पेस्लिपा जपून ठेवा आणि पाच वर्षं भरली की सेटल्डचं काम लांबणीवर टाकू नका. आता नव्याने व्हिसावर जाणाऱ्यांच्या व्हिसावर बहुतेक वेळा ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत मिळणार नाही) असं असतं, त्यांना कौन्सिलचं घर मिळत नाही. एजंट काहीही सांगू दे.

शिवाय प्रत्येक कौन्सिलचा स्वतःचा नियम असतो की आमच्या हद्दीत अमुक वर्षं राहिलेला पाहिजे, कुठे दोन, कुठे पाच. २०११ च्या लोकलिझम कायद्याने हा अधिकार त्यांना दिलाय. म्हणून सारखं गाव बदलत राहिलात तर दर वेळी मोजणी पहिल्यापासून.

आणि गोव्यातलं घर. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. बऱ्याच कौन्सिलांच्या फॉर्ममध्ये विचारतात, तुमच्या नावावर कुठेही मालमत्ता आहे का, परदेशातसुद्धा. आपल्या वडिलोपार्जित घरांचं तर माहीतच आहे, इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी करायची कोर्टातली प्रक्रिया) झालेली नसते, आजोबांच्या नावावर घर, त्यात आठ जणांचे हिस्से, वर आपल्या सिव्हिल कोडप्रमाणे नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा. लोक म्हणतात ते माझं थोडंच आहे आणि ‘नाही’ वर टिक करतात. तसं करू नका. ‘हिस्सा आहे, वाटणी झालेली नाही, त्यात राहता येत नाही’ असं सरळ लिहा आणि शक्य असेल तर इथल्या वकिलाचं पत्र जोडा. खरं सांगितलंत तर कौन्सिल विचार तरी करते. मुद्दाम खोटं लिहिणं हा १९९६ च्या हाउसिंग ॲक्टखाली गुन्हा आहे, आणि मिळालेलं घरही त्यापायी जाऊ शकतं.

पत्र्यांच्या आत काय चालतं

रिकाम्या घराला तिकडे सगळे ‘व्हॉइड’ म्हणतात. सुरुवात होते भाडेकरूच्या नोटिशीने. त्याने किमान चार आठवड्यांची लेखी नोटीस द्यायची, भाड्याचा आठवडा बहुतेक ठिकाणी सोमवारचा, म्हणून चाव्यासुद्धा सोमवारी दुपारी बारापर्यंत द्या असं सांगतात. त्या चार आठवड्यांत कौन्सिलचा माणूस घर बघून जातो, काय मोडलंय, भाडेकरूने काय स्वतः लावलंय, किती सामान आहे. चांगली कौन्सिल याच वेळी पुढची तयारी करून ठेवते, कारण चावी आल्यापासून पुढची चावी देईपर्यंतचा प्रत्येक दिवस मोजला जातो आणि त्या दिवसांचं भाडं बुडतं. आठवड्याला १०० पौंडांचं घर दहा आठवडे बंद राहिलं की १००० पौंड गेले, आणि कौन्सिलच्या घरांचा हिशेब कायद्याने वेगळा ठेवावा लागतो, त्यामुळे ते पैसे जातात ते बाकीच्या भाडेकरूंच्या दुरुस्त्यांतूनच.

पण सगळी घरं अशी नोटीस देऊन रिकामी होत नाहीत. कुणी एकटा म्हातारा वारलेला असतो, कुणाला कोर्टातून बाहेर काढलेलं असतं, कुणी चाव्या न देताच निघून गेलेला असतो. मग कौन्सिलला आधी टेनन्सी, म्हणजे भाडेकरूचा राहायचा करार, कायद्याने संपवावी लागते आणि आत सामान असेल तर ते लगेच फेकता येत नाही, मालकाला नोटीस देऊन काही काळ सांभाळावं लागतं. मी एका घरात गेलो होतो तिथे भिंतीवर पोरांची उंची पेन्सिलीने लिहिलेली होती, १९७८ पासूनची, आणि ती आम्हालाच रंगाखाली घालायची होती. असो.

चावी आली की पहिलं कुलूप बदलतात. वस्तीत तोडफोड होण्याची भीती असेल तर ते पत्रे लागतात. पत्रे म्हणजे काम बंद आहे असं नाही, आत माणसं कामाला असू शकतात. थंडीचे दिवस असतील तर नळांतलं आणि हीटिंगमधलं पाणी काढून टाकतात, कारण आपल्याकडे बंद घराला पावसाळ्याची ओल आणि वाळवी खाते तसं तिकडे पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात आणि वरच्या मजल्याचं पाणी खालच्या छतातून येतं. गॅस बंद करून त्याला टोपी मारतात.

मग तपासण्या. गॅसची तपासणी गॅस सेफ रजिस्टर या अधिकृत यादीतल्या माणसानेच करायची, वायरिंगची टेस्ट, एनर्जीचा दाखला नसेल तर तो, बरेच दिवस बंद राहिलेले नळ आणि शॉवर सोडून लिजिओनेला नावाचे जंतू राहू नयेत म्हणून पाणी वाहून काढायचं. आणि सगळ्यात वेळ खातं ते ॲस्बेस्टॉस. आपण ज्याला सिमेंटचे पत्रे म्हणतो आणि गोठ्यावर घालतो, त्यातलाच तो तंतू तिकडच्या जुन्या घरांत छताच्या खरबरीत रंगात, जमिनीच्या टाइल्समध्ये, पाइपांच्या भोवती सापडतो. ब्रिटनमध्ये त्याच्यावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली, म्हणून २००० च्या आधीच्या घरात भिंत फोडायची तर आधी सर्व्हे, मिळालं तर लायसन्सची गरज आहे का ते बघायचं, हवेची टेस्ट, मग बाकीचे कामगार आत. आम्ही रंगवाले बाहेर गाडीत बसून राहायचो. बाहेरून बघणाऱ्याला घर बंदच दिसणार.

त्यानंतर प्लास्टर, दारं, किचन, न्हाणी, सगळं ‘लेटेबल स्टँडर्ड’ नावाच्या यादीप्रमाणे. या यादीत काय असतं यापेक्षा काय नसतं ते लक्षात ठेवा, कारण आपली माणसं तिथे फसतात. कार्पेट नसतं, पडदे नसतात, शेगडी नसते, फ्रिज नसतो. जुनं कार्पेट बहुधा काढूनच टाकतात आणि खाली नुसती फळी किंवा काँक्रीट. रंगसुद्धा सगळीकडे देतील असं नाही, काही कौन्सिल त्याच्याऐवजी रंगाच्या सामानाचं व्हाउचर देतात. किरकोळ काम असलेलं घर तीन-चार आठवड्यांत निघायला हवं, पण छप्पर, ओल, किचन असं मोठं काम निघालं की महिने जातात. काकीच्या फोटोतलं घर बहुतेक तसलंच असावं.

बिड म्हणजे लिलाव नव्हे

बिड शब्द ऐकून इथले बरेच पालक घाबरतात की पैसे जास्त द्यायचे असतात की काय. नाही. आपलं नाव ज्या बँडमध्ये, म्हणजे गरजेच्या गटात, आहे त्यावर आणि अर्जाच्या तारखेवर नंबर लागतो, बिड करणं म्हणजे ‘हे घर मला चालेल’ एवढं सांगणं. घरं वेबसाइटवर लागतात, बऱ्याच ठिकाणी दर आठवड्याला, आणि पुष्कळ वेळा आतलं काम चालू असतानाच लागतात. म्हणजे तुम्ही ज्या घरासाठी वाट बघताय ते कदाचित आधीच कुणाच्या तरी नावावर धरलेलं असतं. रस्त्यावर घर बघून ऑफिसला फोन करून काही होत नाही, साइटवर दर आठवड्याला बिड टाकणं हेच काम.

बँड ठरतो गरजेवर. गर्दीत राहणं, आजारपण, बेघर होणं, यांना प्राधान्य द्यायलाच लागतं असं कायद्यात आहे. म्हणून चार माणसं एका खोलीत असाल तर ते अर्जात नीट मांडा, घरमालकाचा करार, पोरांच्या शाळेचं पत्र, डॉक्टरचं पत्र, सगळं. नवीन बाळ झालं, पत्ता बदलला, नोकरी गेली, तर लगेच कळवा, नाहीतर नंबर लागल्यावर तपासणीत अर्ज जुळत नाही आणि घर पुढच्याला जातं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, घर तयार करून आम्ही बाहेर पडलो आणि ज्या बाईला ते मिळणार होतं तिचा पत्ता जुना निघाला, पुन्हा तीन आठवडे घर रिकामं आणि ती बाई पुन्हा यादीत.

खोल्या किती मागायच्या तेही विचार करून ठरवा. बेनिफिट म्हणजे सरकारी मदत घेणार असाल आणि गरजेपेक्षा एक बेडरूम जास्त असेल तर भाड्यासाठी मिळणाऱ्या मदतीतून भाड्याचे १४ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर भाड्याचे २५ टक्के कापतात, हे एप्रिल २०१३ पासून चालू आहे. गोव्याहून सासू-सासरे चवथीनंतर तीन महिने येतात म्हणून जास्तीची खोली मिळत नाही.

घर बघायला जाल तेव्हा

व्ह्यूइंगला एकट्याने जाऊ नका, नीट प्रश्न विचारणारं कुणीतरी बरोबर घ्या, आणि दिवसाउजेडी जा. हो-नाही सांगायला बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवसच मिळतात. मी रंगवाला म्हणून सांगतो, नव्या रंगाने फसू नका. ओल बघायची तर बाहेरच्या भिंतीचा आतला कोपरा बघा, कपाटाच्या आत, खिडकीखाली, न्हाणीच्या छतावर, हात लावा, वास घ्या. पंखे चालतात का, खिडक्या उघडतात का. काळी बुरशी दिसली तर फोटो काढा आणि तिथेच विचारा, याचं काम झालंय का, कागद दाखवा.

हे महत्त्वाचं का ते सांगतो. रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा सोशल हाउसिंगच्या, म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेच्या, फ्लॅटमधल्या बुरशीमुळे गेला. आईबाप तक्रार करत होते. त्याच्या नावाने कायदा आला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडात लागू झाला. जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत, ओल-बुरशीचा मोठा धोका असेल तर कामाच्या १० दिवसांत चौकशी आणि त्यानंतर कामाच्या ५ दिवसांत घर सुरक्षित करायचं. म्हणून तक्रार तोंडी नको, ईमेल करा, तारीख राहते. ‘आपण परके, तक्रार केली तर घर काढून घेतील’ ही भीती आपल्या माणसांत फार आहे. दुरुस्ती मागितली म्हणून घर जात नाही.

नकार देण्याआधी थांबा. साध्या यादीतून आलेलं घर नाकारलं तर काही ठिकाणी बँड खाली जातो. पण कौन्सिलने तुम्हाला बेघर म्हणून स्वीकारलं असेल आणि शेवटची योग्य ऑफर नाकारलीत, तर त्यांची जबाबदारीच संपते. घर अयोग्य वाटत असेल तरी आधी स्वीकारा आणि मग २१ दिवसांच्या आत रिव्ह्यू (निर्णय पुन्हा तपासा) मागा, दोन्ही एकदम करता येतं. शेल्टर किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांना फुकट विचारता येतं, कमिशन मागणाऱ्या ‘आपल्याच’ माणसाकडे जायची गरज नाही.

चावी मिळाली त्या दिवशी

वीज आणि गॅसच्या मीटरचे फोटो काढा, तारखेसकट. प्रीपेड मीटर असेल तर पैसे भरायच्या आधी कंपनीला फोन करून सांगा की मी नवीन भाडेकरू, नाहीतर मागच्याची थकबाकी तुमच्या टॉप-अपमधून कापली जाते. गॅसची टोपी काढायला माणूस बोलवावा लागतो, त्याची अपॉइंटमेंट चावी घेतानाच मागा, आणि गॅस तपासणीच्या कागदाची कॉपी. युनिव्हर्सल क्रेडिट (सरकारी मदत) असेल तर नवा पत्ता आणि भाडं त्याच दिवशी कळवा. जानेवारीत चावी मिळालेली एक गोवेकर फॅमिली मी बघितलीय, चार दिवस गॅस नाही, पोरांना स्वेटर घालून झोपवलं, फक्त अपॉइंटमेंट कुणी मागितली नाही म्हणून.

पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी इंट्रोडक्टरी टेनन्सी असते, म्हणजे भाडं थकलं किंवा शेजाऱ्यांचा त्रास झाला तर कोर्टात घर काढणं त्यांना सोपं जातं. ते नीट गेलं की पक्की टेनन्सी. या पहिल्या वर्षात लॉजर, म्हणजे आपल्याच घरात एक खोली भाड्याने देऊन ठेवलेला माणूस, ठेवायचा हक्कही नसतो. आणि अख्खं घर दुसऱ्याला भाड्याने देऊन आपण दुसरीकडे राहणं हा २०१३ पासून फौजदारी गुन्हा आहे. गावचा माणूस म्हणून दिलं, पैसे थोडेच घेतले, असलं काही तिथे चालत नाही.

गोव्यात लांब मुक्काम करणार असाल तर कौन्सिलला आधी कळवा. ते घर तुमचं मुख्य राहतं घर राहिलं नाही तर टेनन्सीचं संरक्षण जातं, आणि कुणी राहत नाही असं समजून ते नोटीस लावतात.

घर परत देताना, आणि घरातलं माणूस गेल्यावर

कायमचं परत यायचं ठरलं तर नोटीस लेखी द्या, माळा, शेड, अंगण सगळं रिकामं करा, तुम्ही लावलेलं कार्पेटसुद्धा विचारून ठेवा नाहीतर काढा. मागे टाकलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल गोव्यातल्या पत्त्यावरही येऊ शकतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते उचलायला गेलेले दिवस पुढच्या कुटुंबाचे जातात. अदलाबदल करायची असेल, म्हणजे दुसऱ्या गावच्या भाडेकरूशी घर बदलायचं, तर म्युच्युअल एक्स्चेंज मागा, त्यात घर रिकामंच होत नाही आणि कौन्सिलला ४२ दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

एक धोक्याची गोष्ट नवरा-बायको दोघांनी वाचा. टेनन्सी दोघांच्या नावावर असेल आणि एकाने नोटीस दिली तर अख्खी टेनन्सी संपते, दुसऱ्याची सही लागत नाही. भांडण झालं, नवरा रागाने नोटीस देऊन विमानात बसला आणि बायको-पोरं तिथे, असं होऊ शकतं. तशी वेळ येईल असं वाटलं तर नोटीस जायच्या आधी सल्ला घ्या, नंतर फार कमी हातात उरतं.

आणि शेवटचं. आमच्या वाड्यावरच्या एका घरातले काका तिकडे एकटे राहायचे, ते गेले तेव्हा इथे सगळ्यांना वाटलं की आता घराचा विषय आपोआप संपला. कुणी काही कळवलं नाही, बाराव्यानंतर दोन महिन्यांनी पत्र आलं, भाडं चालूच होतं. माणूस गेला तरी टेनन्सी आपोआप संपत नाही, कौन्सिलला कळवून तिथे जो कागदोपत्री जबाबदार असेल त्याने नोटीस द्यावी लागते, तोपर्यंतचं भाडं गेलेल्या माणसाच्या मालमत्तेवर चढतं, आणि बेनिफिट मात्र बंद झालेलं असतं. मुलाला ते घर वारसाने मिळेल का, तर १ एप्रिल २०१२ नंतरच्या टेनन्सीत कायद्याने हक्क फक्त नवरा, बायको किंवा जोडीदाराचा, आणि तोही एकदाच. त्याच्या आधीची असेल तर शेवटचं वर्षभर बरोबर राहिलेला मुलगा किंवा मुलगी मागू शकते, पण आधी एकदा वारसा झालेला नसेल तरच. म्हणून आधी टेनन्सीची तारीख शोधा, ती कराराच्या पहिल्या पानावर असते, आणि तो करार कुठे ठेवलाय ते आई-बाबांना आज फोनवर विचारून ठेवा.